राखेतली बटणं

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकशील. फोन असताना पत्र कशाला, असं बायकोला विचारशील. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मशीनचा आवाज येतोय म्हणून ठेवून देतोस. पत्राला हं म्हणता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा आपल्या शेजारच्या शिंपिणीचा फोन आला. ती बिचारी चाचरत बोलत होती, जणू चूक तिचीच. तिने सांगितलं की तू आणि तुझी बायको सकाळी साडेसहाच्या बसने बटणांच्या कारखान्यात जाता, तेव्हा आईला आत ठेवून घराला बाहेरून कुलूप घालता आणि दुपारी चारला येऊन उघडता. आई खिडकीचे गज धरून गल्लीतल्या माणसांना हाका मारते, आणि गल्लीत माणसंच नसतात. शिंपीण तेवढी शिवणाचं मशीन थांबवून तिच्याशी दोन शब्द बोलते.

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर नव्हे, तीन दिवस ती तिथेच आहे.

मला एक सांग. आपल्या दाराला आतून कडी होती, बाहेरून कोयंडा कधीच नव्हता. कुलूप लावायची वेळच आपल्यावर आली नाही, कारण घर कधी रिकामं नसायचं. म्हणजे तू तो नवा बसवून घेतलास. सुताराला बोलावलंस, जागा दाखवलीस, चार स्क्रू पिळून घेतलेस. हे सगळं चाललेलं असताना आई तिथेच ओट्यावर बसलेली असणार. तिने त्या सुताराला पाणीसुद्धा दिलं असेल.

एक्क्याऐंशी वर्षांची बाई आहे ती. घेवड्याचं बियाणं हवं म्हणून सगळं गाव जिच्या दाराशी यायचं, ती. उभ्या पिकातून उत्तम शेंगा आधी बाजूला काढल्याशिवाय जिने कुणाला तोडणीला हात लावू दिला नाही, ती. तिला तुम्ही शेळीसारखं कोंडता? शेळीलाही दिवसातून एकदा बाहेर सोडतात.

आठ दिवसांत उत्तर हवं. तुझ्या अक्षरात. लोभाचं काय ते उत्तर वाचून ठरवीन.

तुझी,
ताई

●

११ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पत्र यांना आलं, पण उत्तर मी लिहिते आहे. यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पंप दुरुस्त करायला गेले. तुमचे बंधू तुम्हाला ठाऊक आहेत.

तो कोयंडा यांनी बसवला नाही. मी बसवून घेतला. सुताराला मीच बोलावलं. कुलूपही मीच लावते. किल्ली माझ्या गळ्यात असते. टेबलावर वाकलं की ती बटणांवर टकटक वाजते आणि शेजारच्या बायका हसतात. तेव्हा रागवायचंच असेल तर पत्ता दुरुस्त करून घ्या.

आता कारण ऐका. आधी मी पहिल्या पाळीला आणि हे दुसऱ्या पाळीला, म्हणून घरात कुणीतरी असायचं. सहा महिन्यांपूर्वी नवीन मशिनं आली, दुसरी पाळी बंद झाली. तेव्हापासून आम्ही दोघं एकाच बसने जातो आणि एकाच बसने येतो. गल्लीत घरटी एखादी म्हातारी असायची, तीही आता नसते. कारखाना साठीच्या बायकांनाही पॅकिंगला घेतो. साडेसहाला बस गेली की गल्लीत शिंपीण आणि कुत्री.

आईंना हल्ली काल काय झालं ते आठवत नाही, पण तीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं. टोपली आणि विळा घेऊन त्या शेतावर जातात. आणि शेत कुठे आहे, वन्सं? शेतावर कारखान्याचं ट्रक उभे करायचं आवार आहे. दोनदा पहारेकऱ्याने त्यांना घरी आणून सोडलं. तिसऱ्यांदा एक ट्रक मागे येत होता आणि आई मधोमध उकिडव्या बसून काँक्रीटच्या फटीतलं गवत काढत होत्या. ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि रडायला लागला. त्याच दिवशी मी सुताराकडे गेले.

नोकरी सोड, असं तुम्ही अजून लिहिलं नाहीत, पण पुढच्या पत्रात लिहाल, म्हणून आधीच सांगते. तीस वर्षं मी तुमच्या शेतात वाकून काम केलं. कंबर दुखते का, असं एकाने विचारलं नाही. इथे पाठ टेकायला खुर्ची आहे. चहाची दहा मिनिटं आहेत आणि ती माझी आहेत. हजेरीपटावर माझं नाव आहे, कुणाची सून म्हणून नाही. ते मी सोडणार नाही.

आणि जमीन देताना कागदावर तीन सह्या होत्या. तिसरी तुमची.

तुम्हाला एवढा कळवळा असेल तर तुम्ही पेन्शनीत आहात, या आणि बसा इथे. पलंग रिकामा आहे. राग मानू नये असं म्हणायची रीत आहे, पण मानलात तरी चालेल.

तुमची,
वहिनी

●

१७ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

राग मानला. दोन दिवस मानला, मग लिहायला बसले.

सही केली, होय. तू नेमक्या जागी बोट ठेवलंस. तेव्हा मला असं सांगण्यात आलं होतं की विहिरीकडची घेवड्याची पट्टी राहील. ती राहिली नाही आणि मी विचारलंही नाही. शहरात बसून विचारण्याचं टाळणं फार सोपं असतं.

खुर्चीबद्दल लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. नोकरी सोड असं मी लिहिणार होते. आता लिहीत नाही.

मला लगेच येता येत नाही. माझ्याकडे दहावीची अकरा मुलं शिकायला येतात आणि मार्चअखेर त्यांची परीक्षा आहे. ही सबब आहे असं तू म्हणशील, आहेच. आईला इकडे पाठवा असंही म्हणवत नाही. मागे दोन महिने तिला आणलं होतं, तर तिसऱ्या मजल्यावरून खालच्या डांबरी रस्त्याकडे बघून ती रोज विचारायची की हे कोणाचं रान, असं पडीक का टाकलंय. तिसऱ्या आठवड्यात तिने जेवण सोडलं.

पण कुलूप मला मान्य नाही. ट्रक खरा असला तरी नाही. तिथे तुम्ही दिवसभर बटणं निवडता, तडा गेलेली, भोक चुकलेली बाजूला काढता, असं ठोंब्या मागे म्हणाला होता. मग त्या टेबलाच्या कोपऱ्याशी आईला का बसवत नाहीस? निवडण्याच्या कामात तिचा हात धरणारं तुमच्या कारखान्यात कुणी नसेल. तिची बोटं तिच्या डोक्यापेक्षा शाबूत आहेत. सुपरवायझर बाईला विचार. ती नाही म्हणाली तर मला तिचा पत्ता कळव, मी तिला लिहिते. माझ्या पत्राला नाही म्हणणं अवघड जातं, हे तुला आता कळलंच आहे.

ठोंब्याला सांग की त्याच्या उत्तराची वाट मी अजून पाहते आहे. तुझ्यावरचा लोभ थोडा दुखावला आहे, पण आहे.

ताई

●

९ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला उपयोगी पडला. लग्न होऊन या घरात आल्याला चौतीस वर्षं झाली, ही पहिलीच वेळ. तारीख लिहून ठेवा.

आमच्या टेबलावरची एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे. सुपरवायझर बाई म्हणाली की तिचा पास गळ्यात घालून म्हातारीला आणा, वर कुणाला बोलू नका, माल निघाल्याशी मतलब. तर आज सहा दिवस आई आमच्याबरोबर साडेसहाच्या बसने येतात. पहिल्या दिवशी बसमध्ये खिडकीची जागा मिळवण्यासाठी त्यांनी पॅकिंगच्या एका मुलीला कोपराने ढकललं. ती त्यांच्या नातीच्या वयाची.

वन्सं, तुम्ही बघायला हवं होतं. सध्या आमच्याकडे शिंपल्याची बटणं आहेत, महागाची. आम्ही ती दिव्याखाली धरून बघतो. आई बघतच नाहीत. चिमटीत घेतात, अंगठा फिरवतात आणि टाकतात. तडा गेलेलं इकडे, चांगलं तिकडे. आमचे दोन ट्रे होईपर्यंत त्यांचे तीन होतात. तोंडाने मोठ्याने टीका चालू असते: हे पोचट, हे किडकं, हे बरं. सगळं टेबल हसतं. कोणी फार बडबड केली की त्या हात उगारतात आणि टेबल गप्प होतं. सुपरवायझर बाई म्हणते की मला हे दोन वर्षांत जमलं नाही.

डबा खाताना गल्लीतल्या बायका त्यांच्याभोवती बसतात. या सगळ्या पूर्वी आईंकडे बियाणं न्यायला यायच्या. काल एकीने त्यांना विचारलं की आत्या, मिरचीच्या बियाण्यात राख किती घालायची. तिच्याकडे मिरची लावायला वीतभर जागा नाही. तरी विचारलं, आणि आईंनी पाच मिनिटं सांगितलं, आणि सगळ्या ऐकत होत्या.

रात्री त्या शांत झोपतात. मीही झोपते. हे हसताना दिसले परवा.

परीक्षा संपली की या. आता येण्यासारखं आहे. तुमच्या लोभाला लावलेलं मलम पुरेसं आहे का, ते कळवा.

तुमची,
वहिनी

●

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला माझ्या अक्षरातलं पत्र हवं होतं. हे घे.

शुक्रवारी गेटवर नवा पहारेकरी होता. बायका बाहेर पडताना एप्रन झटकून दाखवतात, पण आईला इतके दिवस कुणी अडवलं नव्हतं. याने अडवलं. तिच्या कमरेला फडकं बांधलेलं होतं आणि फडक्यात दोन मुठी बटणं होती. शिंपल्याची, एकही डाग नसलेली.

मग ते घरी आले. साहेब आणि दोन पहारेकरी. आईच्या पलंगाखाली तिचं बियाण्याचं मडकं असतं, त्यात हात घातला. राखेत बटणं. रोजच्या दोन मुठी, फडक्याच्या चिंध्यांत वेगवेगळ्या बांधलेल्या, राख चाळून घातलेली. तिने सगळं नेमकं केलं होतं.

साहेबांनी तिला विचारलं की हे तू घेतलंस का. तिने सांगितलं की हो, मीच घेतलं, आणि निवडून उत्तम घेतलं, बियाण्याला वाईट कोण ठेवतं. वर त्यांच्यावरच उखडली. म्हणाली की तुम्ही सगळंच विकून टाकता, काही मागे ठेवत नाही, पुढच्या वर्षी काय पेराल. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे बघत राहिलो.

सुपरवायझर बाई म्हणते की मी पास दिलाच नाही, मला माहीतच नव्हतं. टेबलावरच्या बायका काही बोलत नाहीत.

आता एक कागद तयार केला आहे. त्यात लिहिलं आहे की माझ्या पत्नीने वृद्ध सासूला दुसरीच्या पासावर आत आणलं आणि तिच्याकडून माल बाहेर काढवला, मला कल्पना नव्हती. मी सही केली तर हिची नोकरी जाते, माझी राहते, आणि प्रकरण तिथेच मिटतं. नाही केली तर दोघंही बाहेर, आणि पोलिसांत तक्रार. तक्रारीत आईचं नाव असेल. तिला ठाण्यात नेऊन बसवतील. ती तिथेही हेच सांगेल.

बुधवारपर्यंत मुदत आहे.

सल्ला तुझा होता. निवडताना ती काय करते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? शेंगा निवडायला लहानपणी तुलाच बसवायची ती, मला नाही. तू पहिल्या पत्रात ते लिहिलंसही. आणि पुढच्याच पत्रात तिला चांगल्या मालाच्या ढिगाशी बसवायला सांगितलंस.

कुलूप पुन्हा लावलं आहे.

ठोंब्या

●

१८ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद नंतर.

सही करू नकोस. हे पत्र मी माणसाबरोबर पाठवते आहे, टपालावर माझा विश्वास उरलेला नाही. उद्या सकाळी ते तुझ्या हातात पडेल. माणूस चहा प्यायला बसला तर बसू दे, पण आधी वाच.

तू लिहिलंस ते खरं आहे. मला माहीत होतं. तिच्याजवळ बसून निवडलेली प्रत्येक शेंग मला आठवते. पहिला वाटा बियाण्याचा, मग घराचा, मग बाजाराचा. तिच्या बोटांना दुसरा क्रमच ठाऊक नाही. ढीग कशाचाही असो, त्यातलं उत्तम ती बाजूला काढणार आणि राखेत घालणार. मी चाळीस वर्षं मुलांना विचार करून लिहा असं सांगितलं आणि स्वतः हे लिहिताना विचार केला नाही. सोय झाली, एवढंच मला दिसलं. स्वतःचा इतका संताप मला याआधी आला नव्हता.

पण तुझाही येतो आहे, आणि तो काही कमी नाही. त्या कागदात एक गोष्ट खोटी आहे आणि ती तुझ्या बायकोवर आहे. तिने आईला आत नेलं, हे खरं. माझ्या सांगण्यावरून नेलं. चोरी करवली, हे साफ खोटं, आणि तुला ते माहीत आहे. माझं सतरा फेब्रुवारीचं पत्र आहे ना घरात? ते घेऊन साहेबांकडे जा. त्यांना सांग की ही बाई येते आहे, जे विचारायचं ते तिला विचारा. मी परवा संध्याकाळच्या बसने पोचते. मुलांना त्यांच्या आयांच्या हवाली केलं आहे. शिकायचं ते शिकून झालं आहे त्यांचं.

पोलिसांची भीती घालतात. घालू देत. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला बटणांसाठी ठाण्यात आणायला कुणाची हिंमत होते ते मला बघायचं आहे. मी तिच्याशेजारी बसेन.

तू लहानपणापासून एकच गोष्ट करत आलास. समोर कुणी मोठ्याने बोललं की जमिनीकडे बघायचं. बाबांसमोर ठीक होतं. आता तू चोपन्न वर्षांचा आहेस. दोन दिवस फक्त वर बघ.

तुझी,
ताई

●

१४ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

मी न सांगता निघून आले, याबद्दल माफी मागत नाही. तुमची बस संध्याकाळी पोचली, माझी सकाळी निघाली. तुम्हाला तोंड दाखवायला हरकत नव्हती. यांच्याशेजारी उभं राहायला होती.

तुमचा माणूस पत्र घेऊन आला तेव्हा सही होऊन अर्धा दिवस झाला होता. मुदत बुधवारची होती, यांनी मंगळवारीच उरकली. मी त्याच खोलीत होते. साहेब म्हणाले की वाचून घ्या. यांनी वाचलं. खिशातून स्वतःचं पेन काढलं. सही केली, खाली नेहमीसारखी रेघ ओढली आणि रेघेखाली दोन टिंबं दिली. वन्सं, ती दोन टिंबं! लग्नाच्या पत्रिका पाठवतानाही त्यांनी अशीच टिंबं दिली होती.

आत आणलं असं मी स्वतः लिहून दिलं असतं. मी आणलंच होतं. पण माझ्या खुर्चीवरून मला उठवताना चोर म्हणून उठवलं. टेबलावरच्या अकराजणींनी माना खाली घातल्या आणि निवडत राहिल्या. त्यांतल्या चौघींच्या शेतात मी कापणीला गेले आहे, त्या माझ्या शेतात आल्या आहेत. कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं तर न बोलावता जायचो. आता ट्रे वेळेत भरला नाही तर त्यांचा दिवस कापला जातो. मी त्यांना दोष देत नाही. नाही, देते. खोटं कशाला लिहू.

मी इथे हातमोज्यांच्या कारखान्यात लागले आहे. दोन तासांचा रस्ता आहे. एका लांब खोलीत आम्ही बाराजणी झोपतो. माझ्या डाव्या बाजूची झोपेत मोजे मोजते. इथेही खुर्ची आहे, पण पाठ नाही तिला.

आई माझ्याविना जेवतात का? वरणात भात आधी कालवून द्यावा लागतो, ताटात वेगळा दिला तर त्या तो नंतरसाठी ठेवतात. औषध पाण्याबरोबर नाही, गुळाबरोबर.

यांनी फोनवर विचारलं की कधी येतेस. मी सांगितलं आहे, तुम्हालाही सांगते. जे खोटं चार भिंतींत सही करून दिलं, ते खोटं होतं असं गेटवर, सगळ्या बायका असताना, तोंडाने सांगायचं. मगच माझ्या येण्याची गोष्ट काढायची. नोकरी जाईल म्हणाले. माझी गेली तेव्हा आभाळ कोसळलं नव्हतं, असं मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तुम्ही त्यांच्या बहीण आहात, तरी हे तुम्हालाच लिहिते आहे. यावरून लोभाचं काय ते समजून घ्या.

वहिनी

●

७ मे

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी ठोंब्याला वाचून दाखवलं. सगळं, टिंबांसकट. तो उठून पंपाशी गेला. पंप इतक्या वेळा दुरुस्त झाला आहे की आता तो बिघडायलाही घाबरत असेल. मी काही बोलले नाही. माझ्यासाठी हे किती कठीण आहे, ते तू जाणतेस. मी स्वतः पहिल्याच आठवड्यात साहेबांना भेटून आले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, माझं ऐकून घेतलं, आणि प्रकरण मिटलेलं आहे, सही आहे, असं फार नम्रपणे सांगितलं. इतक्या नम्र माणसाला थोबाडीत मारावीशी मला पहिल्यांदाच वाटली.

गेल्या सोमवारी सकाळी ठोंब्या म्हणाला की आईला घे आणि माझ्याबरोबर बसमध्ये चल. आम्ही गेलो. गेटपाशी सात वाजायला दहा मिनिटं असताना तीन गावांच्या तीन बसा एकदम येतात. तुला हे ठाऊक आहे, मी प्रथमच पाहिलं. दोन-अडीचशे माणसं उतरतात आणि हजेरीच्या मशीनकडे धावतच सुटतात, कारण सातला ते बंद होतं. गेटशेजारी सिमेंटचा ठोकळा आहे, त्यावर तो चढला. चोपन्नाव्या वर्षी, गुडघ्याला हात लावून. आणि बोलला. मोठ्याने बोलला, मला वाटलं नव्हतं त्याला एवढा आवाज आहे. त्याने सांगितलं की माझ्या बायकोने काही चोरलेलं नाही, कुणाकडून चोरवलेलं नाही, मी सही केलेला कागद खोटा आहे आणि ती सही मी भिऊन केली. तुझं नाव घेऊन सांगितलं. दोनदा सांगितलं.

कुणी थांबलं नाही, वहिनी. थांबता येत नव्हतं. माणसं ऐकत ऐकत पळत होती. तुझ्या टेबलावरची एक बाई वळली, तिने एक पाऊल मागे टाकलं, घड्याळ बघितलं आणि गेली. तो शेवटी पाठींशीच बोलत होता. पूर्वी विहिरीवर कुणी एवढं बोललं असतं तर गावातले सगळे हंडे जागच्या जागी राहिले असते. तिथे एक माणूस आपली अब्रू स्वतःच्या हाताने उतरवून ठेवत होता आणि लोकांकडे त्यासाठी चार मिनिटं नव्हती. मला त्यांचा राग आला, मग त्या मशीनचा आला, मग तिसऱ्या सहीचा आला. सगळ्यांचा अजून आहे. वय झालं की राग निवळतो, असं कोण म्हणतं त्याला माझ्याकडे पाठव.

पण सुपरवायझर बाई थांबली होती. ती आत गेली आणि तिने वर कळवलं. बुधवारी ठोंब्याला चिठ्ठी मिळाली. तो आता घरी असतो. पोलीस अजून आलेले नाहीत.

त्याच दिवशी चारची बस आल्यावर तुझ्या टेबलावरच्या तिघी दाराशी आल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत. एकीने विचारलं की ती तिथे नीट जेवते का. मी सांगितलं की मला माहीत नाही, तिलाच विचारा, आणि तुझा पत्ता लिहून दिला. पत्र आलं तर उत्तर दे किंवा देऊ नकोस. तुझा राग आहे, तुझी मर्जी.

परत ये, असं मी लिहिणार नाही. तुझ्या अटीप्रमाणे ते सांगायचा हक्क आता त्याचा आहे. तो रोज लिहायला बसतो आणि कागद चुरगाळतो. येशीलच तर येऊन-जाऊन राहा, काम सोडून येऊ नकोस. खुर्चीची पाठ मागून घे. नाही दिली तर मला तिथल्या साहेबांचा पत्ता कळव.

भात कालवून देतो तो. पहिले दोन दिवस वरण करपलं. औषध गुळाबरोबर. आंघोळीला मात्र ती त्याला जवळ येऊ देत नाही, ते मला करावं लागतं. म्हणून मी शहरातली खोली रिकामी केली आणि पुस्तकं शाळेला देऊन टाकली.

ती मला ओळखत नाही. तिला वाटतं मी कामाला ठेवलेली बाई आहे. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं की मी तुझी मुलगी. ती हसली आणि म्हणाली की माझी मुलगी शहरात मास्तरीण आहे, हुशार आहे, पण फार तापट, आणि तिला सवड नसते. तेव्हापासून मी वाद घालत नाही. रोज दुपारी ती मला विचारते की बाई, तुमची सुटी किती वाजता होते, घरी वाट बघत असतील. मी चार म्हणून सांगते. चार वाजले की ती उठते, माझ्या हाताला धरून मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला येते आणि उद्या वेळेवर या असं बजावते. ठोंब्या तिला घरी नेतो. मी मागच्या बाजूने वळसा घालून येते, पाय धुते, आणि ती मला म्हणते की बरं झालं आलात, ती दिवसभराची बाई आत्ताच गेली.

आता पावणेचार झाले आहेत. मला निघायला हवं.

तुझी,
ताई